कॅप्टनच्या दोन रेघा

कॅप्टन एका जागी बसलेले दिसायचे ते फक्त स्टिअरिंगमागे. एरवी त्यांच्या बुडाखाली कोळसे पेटलेले असत. चहा उभ्याने, जेवण फेऱ्या मारत, आणि शुक्रवारच्या मिसाला फादरांपेक्षा यांचंच चालणं जास्त.

जहाजावर त्यांनी उभ्या जन्मात पाय ठेवला नव्हता. वसईचे हे गृहस्थ इथे आखातात आमच्या कंपनीची सात सीटांची गाडी चालवायचे. रोज सकाळी माबेलाहून आम्हा सहा जणांना उचलायचं आणि रुवीच्या ऑफिसात नेऊन ओतायचं. दार लागलं की घोषणा व्हायची, "यल्ला, कॅप्टन बोलतोय, पट्टे बांधा!" मागच्या सीटवर रत्नागिरीच्या नसीमावहिनी असत, सातवा महिना लागलेल्या. त्यांच्यासाठी कॅप्टन गतिरोधक असा ओलांडायचे की पोटातल्या बाळाने कूसही बदलू नये.

मला ते 'कंप्युटर' म्हणायचे, कारण मी कॉम्प्युटरवर पोट भरतो. त्यांना वेड शेअर बाजाराचं. चार्टवर भावाच्या अंगावरून दोन रेघा पळतात, एक चपळ, एक सुस्त. चपळ रेघ सुस्त रेघेला ओलांडून वर गेली की घ्यायचं, खाली आली की विकायचं. या रेघांचा रंग आणि जाडी कोडमधल्या दोन ओळींत लिहिलेली असते. त्या ओळी बदलायचं काम माझ्या गळ्यात. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची; दर शुक्रवारी दुपारी दारावर थाप पडायची, पोलिसांची धाड पडल्यासारखी.

"कंप्युटर, ही लाल हाय ना, मेली जिवंत वाटत नाय. केशरी कर."

लाल झाली केशरी, केशरी झाली पिवळी. हिरवीची निळी. मग पाठची जमीन पांढऱ्याची काळी. सरड्यांच्या अख्ख्या खानदानाने सात पिढ्यांत बदलले नसतील इतके रंग मी एका वर्षात बदलले. जाडी एकाची दोन, दोनाची चार. शेवटी रेघा इतक्या फुगल्या की खालचा भाव गुदमरून मेला असावा.

बरं, खरा सौदा त्यांनी एकदाही केला नाही. नुसता सराव. "आधी रंग बसू दे रे. घाईत माणूस बुडतो," असं म्हणताना स्वतः माझ्या दहा बाय बारात चौदा फेऱ्या मारून व्हायच्या. त्यांची मुलगी वसईला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. "एक वर्स काढायचं, बस. मग स्टिअरिंगला सलाम. बसून खायचा धंदा शिकून ठेवतो."

एका शुक्रवारी मला खोड सुचली. दोन्ही रेघांना एकच रंग दिला, पिवळा. म्हटलं, आता हा माणूस छप्पर फोडून पलीकडच्या बरका गावापर्यंत उडतो की नाही बघा.

कॅप्टनांनी पडद्याला नाक लावलं. "वा! आता कसं! ही निळी बघ, वर चालली. मस्त वेगळ्या दिसतात."

मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. पडद्यावर निळं काही नव्हतंच.

"कॅप्टन, दोन्ही पिवळ्या आहेत."

ते माझ्या खाटेवर टेकले. गुडघा तेवढा हलत राहिला.

"कधीपासून?"

"वर्स होत आलं. डॉक्टर बोलला, आतली नस सुकते. गेलं ते परत नाय येत."

"आणि तुम्ही आम्हाला घेऊन रोज…"

"रस्ता पाठ हाय रे बाबा! राउंडअबाउट किती, कॅमेरे किती, झोपेत सांगीन. पुढच्याचे दिवे पकडून जातो."

"रस्ता पाठ होतो, कॅप्टन. उंट पाठ होत नाही."

"कोणाला बोलू नको. लायसन्स गेलं की नोकरी, नोकरी गेली की व्हिसा. पोरीचं वर्स अर्ध्यात राहील."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डोळे जाणार म्हणून हा माणूस दुसरा धंदा शिकत होता, आणि निवडला होता तोही डोळ्यांचाच.

"मागे नसीमावहिनी बसतात," मी एवढंच म्हणालो. ते उठून गेले.

शनिवारभर मीच खोलीत फेऱ्या मारल्या. ऑफिसात सांगावं तर एका बापाचा घास काढला, न सांगावं तर सहा जणांचा, आणि पोटातल्या सातव्याचा जीव टांगला.

रविवारी सकाळी गाडी उभी होती, घोषणा नव्हती. कॅप्टनांनी किल्ली माझ्यापुढे धरली. "तुझ्याकडं लायसन्स हाय ना? चालव."

"बरं नाही का, कॅप्टन?" नसीमावहिनींनी विचारलं.

"कंप्युटरला शिकवतो जरा. आमच्यासारखं हळू चालवतो का बघा तुम्ही."

माझ्या शेजारी बसून ते रुवीपर्यंत नसलेला ब्रेक दाबत होते. प्रत्येक वळणाआधी, अगदी बरोबर जागी. उतरले ते थेट अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, केबिनमध्ये. मी बाहेर थांबलो. दहा मिनिटांनी दार उघडलं.

"खलास. अर्बाबने विचारलं, कंप्लेंट कोणाची?"

"मग?"

"बोललो, कॅप्टनची."

महिनाभरात ते वसईला परतले. अर्बाबने मुलीची फी भरली, वर विमानात पहिल्या रांगेत बसवलं, अशी एक आवृत्ती मी लोकांना सांगत असतो. खरं एवढंच की मुलीने ते वर्ष पूर्ण केलं. कसं, ते तिनेही सांगितलं नाही, मीही विचारायला धजलो नाही. आता ती वसईतच एका इस्पितळात आहे. रोज वडिलांच्या डोळ्यांत थेंब घालते आणि मग ड्यूटीवर निघते.