कंसातली जी-नाइन

रावेरला केळीचा व्यापार करणाऱ्या नानांना एक सवय होती. आमच्या वेबपानावर टाकायचा रोजचा भाव मला मोबाइलवर पाठवताना ते केळीची जात टोकदार कंसात लिहायचे: <G9>. वेबपानाला असा कंस म्हणजे हुकूम वाटतो. त्यातलं नाव ते दाखवत नाही, गिळून टाकतं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा नानांचा फोन आला, "काय रे भो, भाव दिसतो, अन् केळी कुठी गेली?"

तेव्हापासून पिंप्राळ्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात मी रोज सकाळी ते कंस हाताने बदलायचो. डाव्या कंसाच्या जागी &lt; आणि उजव्याच्या जागी &gt; लिहिलं, की पानावर कंस नीट उमटायचा. मग नानांना फोन. "झालं का भो?" "झालं, नाना." आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. एवढा मोठा व्यापारी माझ्या फोनची वाट पाहतो, याचं मला फार अप्रूप होतं.

मग धुळ्याहून एक मुलगी ऑफिसात नोकरीला आली. आल्या आल्या तिने चार ओळींचा कोड लिहिला. पान दिसताना कंस आपोआप बदलणार आणि भाव नाना स्वतःच भरणार. साहेब म्हणाले, "वा!" ते 'वा' माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. जेवताना तिने डब्यातली शेवभाजी पुढे केली. पोट भरलंय म्हणालो. भरलं नव्हतं.

नवं पान सुरू झालं आणि जुने सगळे भाव बिघडले. G9च्या दोन्ही बाजूंना &lt; आणि &gt; तसेच उघडे दिसू लागले. मला आतून बरं वाटलं.

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "दादा, तुम्ही बदललेलंच माझा कोड पुन्हा बदलतोय. माझा बंद करू, की तुमचं काढायचं? तुम्ही सांगा."

बंद कर म्हटलं असतं, तर सकाळचा फोन माझाच राहिला असता. साहेब बघत होते. तिचा कोड चांगला होता, हे मलाही कळत होतं.

"माझं काढू," म्हणालो. "मीच काढतो."

संध्याकाळपर्यंत माझं जुनं काम मीच पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन वाजला. "हो नाना, दिसतंय ना!" ती हसत होती. पलीकडून नाना काय म्हणाले, ते ऐकू आलं नाही. मी पान उघडून वरपासून खालपर्यंत चूक शोधली. सापडली नाही.