शाईत न मावणारा मोरपंखी

देवाने जगात जितके म्हणून रंग निर्माण केले, त्यांतला एकही माझ्या साडूंना पहिल्या खेपेस पसंत पडलेला नाही. गिऱ्हाइकाने कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलेला रंग छापील शाईत बसवून द्यायचा, हे त्यांचे ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या छापखान्यातले काम. त्यासाठी त्यांच्या पिशवीत पंख्यासारखे उलगडणारे शेडकार्ड कायम असते. प्रत्येक पट्टीवर शाईचा एकेक ठरीव रंग आणि त्याचा नंबर. गोरखीत एका स्नेह्यांकडे चहा पुढे आला, तर ह्यांनी कपाला पट्टी लावून पाहिली आणि "जरा तांबूस मारतोय" म्हणून तो आत परत पाठवला. बाड्यावरच्या दुकानात ट्यूबलाइट रंग बिघडवते म्हणून मेव्हणीसाठी काढलेली साडी घेऊन हे तडक रस्त्यावर गेले, आणि मागून दुकानदार "पकड़ो!" असे ओरडत धावला. मुरारला फोन घ्यायला गेले तेव्हा दुकानातल्या सगळ्या फोनांवर एकच फोटो लावायला सांगितला आणि "यांतला खरा रंग कोणता, तेवढं सांगा" म्हणून अडून बसले. "चाचाजी, फोन लेना है कि फोन से रिश्ता तय करना है?" दुकानदाराने शेवटी हात जोडले. फोन न घेताच आम्ही परतलो.

पडद्यावर त्यांचा राग फार. "मागे दिवा लावून दाखवतात हो सगळं," ते म्हणत, "कागदाच्या मागे कोण दिवा धरून उभं राहणार?"

आता अशा माणसाची एकुलती एक मुलगी हैदराबादेत कॉम्प्युटरवर चित्रे काढायची नोकरी करते, याला काय म्हणावे! तिने लग्नही तिकडच्याच तेलुगू मुलाशी ठरवले. मुलगा दिवाळीत ग्वाल्हेरला येऊन गेला. साडूंनी त्याला भर दुपारी गच्चीवर नेले, तासभर गप्पा मारल्या, आणि खाली येऊन फक्त "बघू" म्हणाले. मेव्हणीने त्या 'बघू'लाच होकार समजून हॉल ठरवला, पण पोरीच्या मनात ते सलत राहिले.

मग लग्नपत्रिका आली. पत्रिका पोरीने स्वतः काढली होती, आणि तिचा मोरपंखी रंग पडद्यावर असा झगमगत होता की मलासुद्धा मोह पडला. साडूंनी शेडकार्ड दोनदा चाळले आणि मान हलवली. तो रंग कुठल्याच पट्टीवर नव्हता. त्यांनी शाया मिसळून नमुने काढले, कुरिअरने पाठवले. पोरीने सगळे नापास केले. एका दुपारी छापखान्यात तिचा फोन आला. मी शेजारीच होतो आणि फोन स्पीकरवर होता.

"बाबा, हा तर एकदम मरा हुआ रंग आहे! मला वही रंग पाहिजे, जो स्क्रीन पे है."

"अगं, तू समजून नाही राहिलीस. तो उजेडाचा रंग आहे. शाईत उजेड कुठून आणू?"

"रंगाचं निमित्त कशाला करता? तुम्हाला हे लग्नच पसंत नाही. पत्रिका आम्ही इकडेच छापतो, तुम्ही पाहुण्यांसारखे या."

फोन बंद झाला. साडू हातावरची शाई पुसत बसले. मला त्या पोरीचा संताप आला आणि यांचाही. एक शब्द बोलायला काय जात होते! पण त्यांनी अधिक पांढरा कागद मागवला आणि मोरपंखीवर पुन्हा मोरपंखीच, असा शाईचा एकावर एक हात छापायला लावला. मुहूर्त जवळ येत होता, मशीनवाला कुरकुरत होता, आणि घरी मेव्हणी देवापुढून उठत नव्हती.

शालू घ्यायला म्हणून पोर आली, ती स्टेशनवरून तडक छापखान्यातच. चेहरा उतरलेला, हातात फोन तयार. साडूंनी पत्रिका उचलली आणि तिला फुटपाथवर उन्हात नेले. तिने फोन पत्रिकेशेजारी धरला. उन्हात पडदा पार विझला. कागद मात्र तेजाळला. बराच वेळ ती दोन्हीकडे बघत राहिली.

"आणि तो, बाबा?" तिने हळूच विचारले.

"त्याला मी दिवाळीतच उन्हात बघितलंय," साडू म्हणाले. "पक्का आहे. उतरणार नाही."

"मग तेव्हाच बोलायचं ना! हद करता तुम्ही!" म्हणत ती भर रस्त्यात रडली. माझेही डोळे भरून आले.

लग्न झाले, पोर हैदराबादेला गेली. आता रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. त्यासाठी साडूंनी मुकाट्याने फोन घेतला, दुकानदार दाखवील तो. कॉलभर त्यांची तक्रार चालते: चेहरा पिवळट दिसतोय, डोळ्यांखाली काळं आहे, झोपत नाहीस का? ती म्हणते, "बाबा, खोलीतला लाइटच तसा आहे."

परवा कॉल संपला तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. पडदा काळा झाला तरी फोन त्यांच्या हातातच होता. मी गमतीने विचारले, "काय, जमला का आज रंग?"

"कुठला जमतोय!" ते म्हणाले. "पण आता हाच पास करायचा."