ढाळ बघणारे यशवंतराव

यशवंतरावांना जगातली एकही बांधलेली गोष्ट कधी धड आवडली नाही, आणि ती का आवडली नाही हे ऐकून ऐकून सुलेखाताईंचे कान किटले होते. नगरपालिकेत अभियंता म्हणून पस्तीस वर्षं काढलेला हा माणूस दरवर्षी तीन महिने जर्मनीत नेकारसुल्मला मुलाकडे, उत्कर्षकडे यायचा आणि जर्मनांना नावं ठेवायचा. स्टेशनाच्या पायऱ्या उंच, पुलाचा कठडा बुटका. स्वतःच्या नावावर मात्र सांगण्यासारखं एकच काम, गावच्या नदीवरचा दोनशे मीटरचा घाट.

त्याच घाटावर, बांधून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा सुलेखाताई घसरल्या. फरशीवर पाणी साचून शेवाळं धरलं होतं. खुब्याचं हाड मोडलं आणि हातात काठी आली ती कायमची. तेव्हापासून बारा वर्षं यशवंतराव एकच पालुपद लावून होते, "हिच्या चपलाच गुळगुळीत!" पाहुण्यांना सांगून झालं, विहीणबाईंना सांगून झालं, इथल्या फिजिओथेरपीवाल्या बाईलाही मोडक्या इंग्रजीत सांगून झालं. सुलेखाताईंना दुसरं काही नको होतं. चूक घाटाची होती, एवढं एक वाक्य त्यांना या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. पण पडले तरी नाक वर, असा हा गृहस्थ.

यंदा ईस्टरच्या सुट्टीत उत्कर्षचं काम इक्वाडोरमधल्या ग्वायाकिलला निघालं आणि त्याने सगळ्यांनाच बरोबर नेलं. तिथला नदीकाठ एके काळी उकिरडा होता म्हणे. आता तिथे अडीच किलोमीटर लांब फरसबंदी, झाडं, बाकं, कारंजी. सुलेखाताई काठी टेकत निम्म्याहून जास्त चालल्या आणि एकदाही पाय सरकला नाही. यशवंतराव मागून येत होते. चालता चालता थांबले, हातातली पाण्याची बाटली उघडली आणि फरशीवर उपडी केली. ही त्यांची नोकरीतली जुनी खोड. ढाळ बरोबर असेल तर पाणी थांबत नाही. लगेच पहारेकऱ्याची शिट्टी वाजली आणि पालिकेत कंत्राटदारांना उभं-आडवं घेणारे यशवंतराव चक्क मराठीत "चुकलं, चुकलं" म्हणत हात जोडू लागले. बाकावरून सुलेखाताईंनी पाहिलं, पाणी सरळ गटाराच्या जाळीत गेलं होतं. एक थेंब मागे राहिला नव्हता. नवऱ्याचा पडलेला चेहराही त्यांनी पाहिला.

परत आल्यावर शेजारच्या हाइलब्रोन गावच्या मराठी मंडळाने यशवंतरावांना बोलायला बोलावलं. भाड्याचा हॉल, बटाटेवडे, पडद्यावर फोटो. यशवंतरावांना चेव चढला.

"नदीला फाटकं लावलीत हो! शिट्टी फुंकणारे शिपाई! पाणी बघाल तर दूध जास्त झालेल्या चहासारखं. वर जलपर्णी. ती बघायला एवढा समुद्र ओलांडायचा?"

लोक हसले. वडे खाल्लेले लोक कशालाही हसतात, सुलेखाताईंच्या मनात आलं.

तेवढ्यात नऊ वर्षांची नात मैथिली उठली आणि तिने सगळ्या हॉलला जर्मनमध्ये सांगून टाकलं, आजोबांनी तिथे पाणी सांडलं आणि पोलिसाने शिट्टी मारली.

"आल्झो... म्हणजे, काका, पाणी कशाला?" निहार नावाच्या पीएचडी करणाऱ्या मुलाने विचारलं.

यशवंतराव खुलले. "ढाळ बघायला! कामावर सही करण्याआधी पाणी ओतलं नाही, तो इंजिनियरच नव्हे."

"मग ढाळ कसा होता?"

"होता... बरा होता."

सुलेखाताईंनी काठी वर केली. चारचौघांत नवऱ्याला प्रश्न विचारण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. "अहो, मलाही विचारायचंय. आपल्या घाटावर सही करण्याआधी किती बाटल्या ओतल्या होत्या?"

यशवंतरावांनी पडद्याकडे पाहिलं. "मंत्र्यांची तारीख ठरली होती. वेळ कुठे होता?"

"मी बाटल्या विचारल्या."

निहारने हातातला वडा खाली ठेवला.

"एकही नाही," यशवंतराव म्हणाले. मग घसा खाकरून, खाली बघत, "ढाळ उलटा होता. नंतर पाहिलं मी."

बारा वर्षं याला ठाऊक होतं! सुलेखाताईंना वाटलं होतं की हे वाक्य ऐकल्यावर जीव हलका होईल. उलट अंगाचा तिळपापड झाला.

कार्यक्रम संपला. बाहेर पाऊस पडून गेला होता, दाराच्या पायऱ्या ओल्या होत्या. यशवंतराव सवयीने म्हणाले, "चपला..." आणि पुढचं गिळलं. मग हात पुढे केला. "निसरडं आहे. धर."

"काठी आहे मला," सुलेखाताई म्हणाल्या. "तुमच्या घाटानेच दिलीय."

आणि त्या एकेक पायरी उतरू लागल्या.