स्वयंपाकघरातून ऐकलेलं व्हायोलिन

उमाबाईंना गाण्यातलं काही कळत नाही, हे कर्जतच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण गोपाळकृष्णच ते सांगत आले होते. शिकवणीला नवीन मूल आलं की ते स्वयंपाकघराकडे बोट दाखवून म्हणायचे, "आत आमचा औरंगजेब आहे. सांभाळून वाजवा, नाहीतर गाणंच पुरून टाकेल." मुलं हसायची. उमाबाई चहा घेऊन बाहेर यायच्या आणि त्याही हसायच्या. सुरुवातीला हसू यायचं म्हणून, पुढे हसायची जागा आली म्हणून.

त्या शाळेत गणित शिकवायच्या. गोपाळकृष्ण रसायनीच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत होते. कंपनीच्या बसनं घरी आले की आधी कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे, हुंगायचे, पुन्हा धुवायचे. मग बाहेरच्या खोलीत सतरंजीवर मांडी घालून व्हायोलिनची मान पायाच्या घोट्यावर टेकवायचे, बूड छातीशी घ्यायचे आणि सा लावायचे. आत उमाबाईंचा कुकर चढलेला असायचा. असा संसार झाला. भांडणं फारशी झाली नाहीत. बोलणंही फारसं झालं नाही, पण दोघांनाही त्याचं काही वाटल्याचं आठवत नाही.

ते व्हायोलिन त्यांना खालापूरच्या गुरुजींकडून मिळालेलं. गुरुजी उभी हयात कीर्तनाच्या साथीला बसले. त्यांच्याकडे ते खंडाळ्याच्या एका पारशी बंगल्यातून आलं होतं. जर्मन होतं म्हणायचे, शंभरीच्या पुढचं. एका कडेचं वार्निश कुणा अनोळखी माणसाच्या हनुवटीनं खाल्लेलं होतं. त्या डागावर बोट ठेवून गोपाळकृष्ण म्हणायचे, "याला गुरुजींच्याही आधीचं सगळं आठवतं." दुसरं व्हायोलिन अजेयनं, पुण्यातल्या मुलानं, वडील निवृत्त झाले तेव्हा आणलं. हल्लीच्या एका कारागिरानं केलेलं, मधाच्या रंगाचं. गोपाळकृष्णांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "पॉलिश छान आहे," म्हणाले, आणि शिकवणीच्या मुलांसाठी कपाटावर ठेवून दिलं.

मागच्या हिवाळ्यात त्यांची डावी बाजू गेली. बोलणं थोडं जड झालं, पाय फरफटत का होईना निघाला, हात मात्र निघाला नाही. व्हायोलिनमध्ये उजव्या हाताला गज ओढायचा असतो. सूर सगळे डाव्या हाताच्या बोटांत असतात. तो हात आता मांडीवर पडून असायचा, पाहुण्यांनी विसरून गेलेल्या वस्तूसारखा.

पळसदरीच्या पलीकडच्या ठाकरांच्या वाडीवरून मंगळी रोज सकाळी यायची. ती त्यांना आंघोळ घालायची, हाताला तेल चोळायची. चोळून झालं की गोपाळकृष्ण अंगठ्याकडे बघत बसायचे. अंगठा हलायचा नाही. मग उमाबाई म्हणायच्या, "येईल हात." आधी डॉक्टर तसं म्हणत होते म्हणून त्या म्हणायला लागल्या. डॉक्टर म्हणायचे थांबले. या थांबल्या नाहीत. दात घासावेत तसं ते रोज होऊन जायचं.

नातेवाईक म्हणाले, उमा खंबीर आहे. उमाबाईंना माहीत होतं की तसं नाही. फार वेळ अवघडून बसल्यावर पाय आपला राहत नाही, मुंग्या यायच्या आधीचा नुसता जडपणा असतो, तसं त्यांना छातीच्या आत झालं होतं. मुंग्या येतील म्हणून त्यांनी वाट पाहिली. आल्या नाहीत. मग त्यांनी वाट पाहणंही सोडलं.

प्रणिता ही गोपाळकृष्णांची शेवटची विद्यार्थिनी. पळसदरीला राहायची, दवाखान्यात रिसेप्शनला होती. यंदा एका कीर्तनकार बाईंनी तिला कायमच्या साथीला बोलावलं, आणि तिचं शिकाऊ व्हायोलिन त्या कामाचं नव्हतं. गोपाळकृष्ण म्हणाले, नवं तिला देऊ. एका रविवारी अजेयचा फोन आला तेव्हा त्यांनी त्यालाही सांगितलं. फोन स्पीकरवर होता.

"कुठलंही द्या की बाबा," अजेय म्हणाला. "ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. परदेशात प्रयोग झालेत. मोठमोठ्या वादकांना दिसू न देता जुनी-नवी दोन्ही वाजवायला दिली. बऱ्याच जणांना ओळखता नाही आली. उलट नवीच जास्त आवडली."

"त्यांना नसेल आली."

"अहो, जगातले नावाजलेले लोक—"

"असतील. त्यांनी एकच व्हायोलिन जन्मभर छातीशी धरलं नव्हतं." गोपाळकृष्णांचा आवाज खूप दिवसांनी चढला होता. "प्रणिता वाजवेल दोन्ही. मी भिंतीकडे तोंड करून बसतो. चुकलो तर जुनं तिचं. घे, लागली पैज."

फोन ठेवल्यावर उमाबाई म्हणाल्या, "कशाला हे?"

"कशाला म्हणजे? हरणार आहे का मी? जुनं घरातच राहायला हवं. हात आल्यावर काय वाजवू? ते पॉलिश?"

"येईल हात," उमाबाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी प्रणिता आली. तिनं दोन्ही व्हायोलिनांना एकाच जातीच्या नव्या तारा चढवल्या, एकाच पट्टीत लावल्या. गज एकच ठेवला. गोपाळकृष्णांची खुर्ची कॅलेंडरच्या भिंतीकडे वळवली. सकाळीच त्यांनी मंगळीकडून दाढी करून घेतली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता.

"औरंगजेबाला आत पाठवा," ते म्हणाले.

"आतच आहे मी," उमाबाई आतून म्हणाल्या. त्या मेथी निवडत होत्या. कुकर गॅसवर होता.

मंगळी दारातच टेकली. "मी पन ऐकते. भांडी कुठं पळून जातात?"

"बैस. पण मध्ये बोलू नको गं."

प्रणितानं पहिलं व्हायोलिन घेतलं आणि यमनातला सा लावला.

उमाबाईंचा हात गॅसकडे गेला. मेथीची काडी बोटांत तशीच होती आणि दुसऱ्या हातानं त्यांनी बटण फिरवून ज्योत बारीक केली. मग त्या आपल्याच हाताकडे बघत राहिल्या. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी बाहेर सा लागला की त्या गॅस बारीक करायच्या, कारण आलापात शिट्टी झाली की गोपाळकृष्ण गज खाली ठेवायचे आणि मग जेवणापर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. हिवाळ्यापासून तो हात तसा गेला नव्हता. बाहेरचा आवाज थोडा नाकातला होता, दमून आलेल्या माणसानं उंबऱ्यातून हाक मारावी तसा. पुढच्या ओळी त्यांनी ऐकल्या. आत काही हललं नाही. त्यांना फक्त माहीत होतं, की हे ते आहे.

मग प्रणितानं दुसरं घेतलं आणि त्याच ओळी वाजवल्या. हा आवाज मोकळा होता. स्वयंपाकघरापर्यंत आला आणि मागच्या खिडकीतून बाहेरही गेला. उमाबाईंचा हात ताटलीतच राहिला.

"दुसरं!" गोपाळकृष्ण ओरडलेच. "दुसरं माझं. अगं, पहिल्या मींडेतच कळलं. काय भरीवपणा! पहिलं नुसतं कण्हत होतं."

"मला तं दोनी सारकीच रडतात असं वाटलं, काका," मंगळी म्हणाली.

"तू आणि तुझी बाई, दोघी सारख्या. उमा! ये बाहेर. लाव अजेयला फोन. म्हणावं, बापाचे कान शाबूत आहेत."

उमाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. प्रणिताच्या हातात मधाच्या रंगाचं व्हायोलिन होतं. जुनं तिच्या गुडघ्यापाशी सतरंजीवर ठेवलेलं होतं. तिचा चेहरा लाल झाला होता. तिनं उमाबाईंकडे बघून मान हलवली, अगदी थोडी. नका सांगू.

गोपाळकृष्ण अजून भिंतीकडेच तोंड करून होते. "बरोबर ना गं?" त्यांनी विचारलं.

हो म्हणणं सगळ्यात सोपं होतं. शब्द उमाबाईंच्या तोंडात तयार होता, रोज सकाळी असायचा तसा. जुनं घरात राहिलं असतं, अजेयला फोन गेला असता, वरण-भात झाला असता. तो शब्द का आला नाही, हे उमाबाईंना तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही. कदाचित नुसता कंटाळा आला असेल.

"नाही," त्या म्हणाल्या. "पहिलं तुमचं होतं."

गोपाळकृष्ण हसले. "ऐकलंस का प्रणिता? औरंगजेब बोलला! सांग तिला."

प्रणिता बोलली नाही. हसू त्यांच्या उजव्या गालावर थोडा वेळ राहिलं. मग त्यांनी मान वळेल तितकी वळवली आणि तिच्या हातातलं व्हायोलिन पाहिलं.  कुकर आत बारीक सुस्कारत होता.

"तू तर आत होतीस," ते म्हणाले.

"मी आतच असते. आतूनच ऐकत आले." त्या फळ्यावरचं गणित सोडवून दाखवावं तशा बोलत होत्या, त्यात टोमणा नव्हता. "तुम्ही ते कधी लांबून ऐकलंत का? कायम तुमच्याच छातीशी होतं. दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू दिला नाहीत."

 गोपाळकृष्ण म्हणाले, "मला आत ने."

"कुठं आत?"

"तू असतेस तिथं."

मंगळीनं एका बाजूनं धरलं, उमाबाईंनी दुसऱ्या. ते एवढंसं अंतर जायला खूप वेळ लागला. या घरात इतकी वर्षं काढून ते स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला येत, तेही उभ्या उभ्या. प्लास्टिकची खुर्ची ओट्याला लावून त्यांना बसवलं, डावा हात ओट्यावर टेकवून ठेवला. त्यांनी मसाल्याच्या डब्याकडे, खिडकीकडे, निवडलेल्या मेथीकडे पाहिलं.

"वाजव गं," ते बाहेर बघून म्हणाले. "जुनं."

प्रणितानं वाजवलं. गोपाळकृष्णांनी डोळे मिटले नाहीत. ते दाराच्या चौकटीकडे बघत होते, जणू आवाज तिथून चालत येणार होता.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

"असं नाकात?"

"हो."

"मला वाटायचं, घर भरून जातं."

"नाही हो. इथपर्यंत एवढंच यायचं."

"आमच्या वाडीवर कोन लांबून तारपा वाजवतंय, त्यो बी असाच येतो," मंगळी म्हणाली. "मधी झाडं असली का बारीक होतो." तिला ते बरं म्हणून सांगायचं होतं. गोपाळकृष्णांनी मान हलवली.

मग त्यांनी नवं वाजवायला सांगितलं. ते वाजलं तेव्हा ओट्यावरची वाटी जरा थरारली. "हे भरतं," ते म्हणाले. "अजेय बरोबर होता. जे चांगलं वाजलं ते मी माझं समजलो."

उमाबाईंना वाटलं, इथे काहीतरी बोलायला हवं. त्यांनी आत शोधून पाहिलं. बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी मेथीच्या काड्या गोळा केल्या.

प्रणिता गज हातात घेऊन दारात आली. "काका, पैज वगैरे राहू दे. मला नवंच द्या. तेच चांगलं आहे, तुम्हीच म्हणालात आत्ता."

"तू साथीला बसणार आहेस की मैफल गाजवायला?"

"साथीला."

"मग जुनं ने. बाईंच्या आवाजावर चढणारं वाद्य साथीला कामाचं नाही. हे मागं राहतं. गुरुजी उगाच नाही याला जपत होते." ते थांबले. "मला कुणी सांगितलंच नाही की हे मागं राहतं. मी आपला मोठ्यानं वाजवत आलो."

"पण काका, तुम्हाला पुढे..."

"नवं आहे ना घरात," गोपाळकृष्ण म्हणाले. "आणि हात आल्यावर..."

तिथे ते थांबले. ही उमाबाईंची जागा होती. प्रणितालाही ती माहीत होती, मंगळीलाही. गोपाळकृष्णांनी ओट्याकडे, बायकोच्या हातांकडे पाहिलं आणि वाट पाहिली. समेची वाट पाहावी तशी, घाई न करता. उमाबाईंनी काड्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. झाकण लावलं. गॅस बंद केला. त्या काही बोलल्या नाहीत.

"बरं," गोपाळकृष्ण म्हणाले.

प्रणितानं जुनं व्हायोलिन पेटीत ठेवलं, वर मलमलीचं फडकं घातलं. पाया पडली. मंगळी तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेली, पळसदरीची रिक्षा थांबवायला. दार लोटल्याचा आवाज आला, मग रिक्षाचा, मग तोही गेला. गोपाळकृष्ण उठवा म्हणाले नाहीत. उमाबाईंनीही विचारलं नाही.

त्यांनी दूध तापायला ठेवलं आणि कणीक घ्यायला वळल्या. परत पाहिलं तर गोपाळकृष्णांचा डावा हात ओट्यावर घसरत पुढे गेला होता आणि बोटं दुधाच्या पातेल्याच्या कडेला लागत होती. गोपाळकृष्ण खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांना पत्ता नव्हता. उमाबाईंनी हात उचलला. तो वाटला होता त्यापेक्षा जड होता. बोटांच्या टोकांवर तारांनी केलेले घट्टे होते, ते आता मऊ पडत चालले होते.

"चटका बसला?" गोपाळकृष्णांनी विचारलं. शेजाऱ्याची चौकशी करावी तसं.

"नाही. थोडक्यात वाचला."

उमाबाईंनी तो हात त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पोलपाटाकडे वळल्या. पोलपाट खुर्चीच्या मागे, भिंतीला लावलेला होता. तिथे कुणी बसलेलं असण्याची त्यांना सवय नव्हती.

"जरा सरका," त्या म्हणाल्या.

गोपाळकृष्णांनी उजव्या हातानं ओट्याची कड धरली आणि खुर्ची थोडी ओढून घेतली.