संमतीवरचा अंगठा

त्या बाईची घटना मला आजही जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की पहिला राग माझा मलाच येतो.

नव्वदनंतरची वर्षं होती. जालना जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली की बांधाच्या, भावकीच्या, विहिरीवरून चोरीला गेलेल्या मोटारींच्या तक्रारी सुरू व्हायच्या. त्या गर्दीत पंचविशीची एक बाई रोज येऊन बाकावर बसायची. कुंभार पिंपळगावच्या पुढच्या एका वस्तीवरून दोन गाड्या बदलून यायची. नवरा जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये कामाला. पदरी पाच वर्षांची मुलगी.

तिसऱ्या दिवशी तिला आत बोलावलं. पोटात दुखतं म्हणून ती एका खासगी दवाखान्यात भरती झाली होती. नवरा तिला सोडून कामावर निघून गेला. अपेंडिक्स आहे असं सांगून डॉक्टरनं ऑपरेशन केलं. घरी आल्यावर पाळी येईना. दिवस राहिले असं समजून घरात आनंद झाला, सासूनं शेजारीपाजारी सांगूनही टाकलं. चार महिन्यांनी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, बाई, तुझी गर्भपिशवी काढलेली आहे.

"कागद मागाय गेल्ते, साहेब. पेशंटला कागद देत न्हाईत म्हणले. मंग माझ्या पोटातलं काय काढलं, ते मी कुणाला इचारू?"

मी काय म्हणालो? "बाई, हे पोलिसांचं काम नाही. ग्राहक मंचात जा." असली वाक्यं नोकरीत तोंडात बसलेली असतात.

"तिथं बी कागदच मागतेत," ती म्हणाली. "कागद दवाखान्यात, अन् दवाखाना देईना. मी इथून हालणार न्हाई."

पीडा टळावी म्हणून मी अर्ज लिहून घ्यायला सांगितलं. लिहून झाल्यावर जमादारांनी सवयीनं शाईचं पॅड तिच्यापुढे सरकवलं. डोक्यावर पदर घेतलेली खेड्यातली बाई दिसली की विचारायचंच नाही, अंगठा घ्यायचा, ही आमची रीत. तिनं पॅडचं झाकण लावलं आणि पेन मागितला. एकेक अक्षर लावत पूर्ण नाव लिहिलं. जमादार हसले, मीही हसलो. आज त्याची लाज वाटते.

दवाखान्यात गेलो तर डॉक्टर मोठा गोड माणूस. चहा मागवला. बाईला आठ चकरा मारूनही न दिसलेले कागद त्यानं मला दोन मिनिटांत दाखवले, वर झेरॉक्सही दिली. संमतीपत्रावर गर्भपिशवी काढण्यास तयार असल्याचं लिहिलेलं, खाली अंगठा, बाजूला तिचं नाव. "नवऱ्यालाही दाखवलंय, साहेब. त्याचं समाधान झालं."

नवऱ्याचं समाधान कसलं होतंय! जबाबासाठी बोलावलं तेव्हा तो धुमसत होता. "मला न इचारता हिनं अंगठा दिला अन् वर म्हणून राह्यली ठाव न्हाई. चार महिने आम्हाला आशेवर ठिवलं. असली खोटारडी बाई घरात ठिवायची कशाला?" तिला माहेरी पाठवायचं त्याच्या घरात पक्कं होत आलं होतं आणि मुलगी ठेवून घेणार होते. म्हणजे तो कागद खरा ठरला तर बाईचं घरही जाणार आणि लेकही.

मी मात्र निवांत होतो. कागद पाहिला, शंका फिटली. 'अर्जात तथ्य दिसून येत नाही' असा अहवाल लिहायला घेतला. फाईलमध्ये अर्ज आणि संमतीपत्राची झेरॉक्स शेजारी शेजारी लावली, आणि हात थांबला. इकडे सही होती, तिकडे अंगठा.

बाईला परत बोलावलं. सही कधी शिकलीस म्हणून विचारलं.

"दोन वर्षं झाले. वस्तीवर बायांचा साक्षरतेचा वर्ग निघाल्ता. तवापासून अंगठा कुठंच दिला न्हाई. राशनवाल्याला इचारा, त्यो कटाळतो. माझी सही होईस्तोवर मागं लाइन लागती."

राशन दुकानाचं रजिस्टर आणलं. ऑपरेशनच्या आधीच्या महिन्यांत दर वेळी तिची वाकडीतिकडी सही. मग मूळ संमतीपत्र पंचनामा करून जप्त केलं, बाईच्या बोटांचे नमुना ठसे घेतले आणि सगळं अंगुलीमुद्रा तज्ज्ञांकडे पाठवलं. बरेच आठवडे वाट पाहायला लावून उत्तर आलं. कागदावरचा ठसा तिचा नव्हता.

मग कुणाचा? आता जमादार इरेला पेटले. दवाखान्यासमोरच्या हॉटेलात चार दिवस चहा पीत बसले आणि खबर घेऊन आले. तिथले कागद पेशंट घरी गेल्यावर पुरे केले जातात. दुपारी दवाखाना रिकामा झाला की म्हाताऱ्या आयाला आत बोलावतात.

तिला आम्ही भरदिवसा बोलावलं, महिला शिपाई शेजारी बसवली. "मला काय बी ठाव न्हाई," एवढंच पालुपद. घाबरलेल्या माणसावर ओरडलं की तो आणखी मिटतो, हे मी पुष्कळ चुका करून शिकलो होतो. मी तिच्या कामाचं विचारत राहिलो. फरशी पुसते, भांडी धुते, फिनेलनं हात सोलतात, असं ती सांगू लागली. म्हटलं, मावशी, बघू हात. हात खरंच पांढरे पडले होते, फक्त उजव्या अंगठ्याच्या भेगांत निळी शाई मुरलेली होती.

"फरशी पुसताना शाई लागते का, मावशी?"

ती रडायला लागली. "डॉक्टरसाहेब म्हणायचे, बाई अंगठा द्यायची इसरून गेली, तू लाव. मला वाचता येत न्हाई, साहेब. माझ्या अंगठ्यानं कुणाचं काय बिघडतंय, असं वाटायचं."

"किती कागदांवर लावलास?"

"ते न्हाई सांगता यायचं."

दवाखान्याचं कपाट उघडलं तेव्हा असल्या संमतीपत्रांचा गठ्ठाच निघाला. गावोगावच्या बायांची नावं आणि खाली तोच अंगठा. त्या बायांच्या घरी आम्ही गेलो. कुणी दार लावून घेतलं. एकीनं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले, "आमच्या माणसांना सांगू नका." तिचं नाव मी दोषारोपपत्रात घेतलं नाही. चूक की बरोबर, अजून ठरवता येत नाही.

बनावट कागद आणि गंभीर दुखापतीचा गुन्हा दाखल झाला. डॉक्टर जामिनावर सुटला. खटला रेंगाळला आणि माझी बदली झाली.

जाण्याआधी मी तोवर माहेरी धाडलेल्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला बोलावून तज्ज्ञांचा अहवाल वाचून दाखवला. तो तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "चुकलं माझं. चल घरी."

ती लगेच उठली नाही. "येते. पोरगी हाय म्हणून येते. पर तुम्ही त्या कागदावर इस्वास ठिवला, माझ्यावर न्हाई. सात वर्षं झाले आपल्या लग्नाला."

हे ती नवऱ्याला म्हणाली, पण माझीही मान खाली गेली. कागद लिहिणाऱ्याकडे कपाट असतं, शिक्का असतो, चहा पाजायला शिपाई असतो. ज्याच्या अंगावर सुरी चालली त्याच्याकडे फक्त तोंडचा शब्द असतो. चौकशी त्या शब्दापासून सुरू करायची, हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. त्या बाईनं शिकवलं. पुढे नोकरीभर मला त्याचा उपयोग झाला. तिला स्वतःला मात्र दुसरं मूल हवं होतं, आणि ते आता होणार नव्हतं.