जे डॉक्टरांना सांगितलं नाही

श्रावणातल्या मंगळवारी सकाळी दादा संध्येला बसला. आचमनासाठी त्याने उजव्या तळहातावर पाणी घेतलं आणि डाव्या हाताने तो हात खाली ओढला. पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा ओढला. तिसऱ्या वेळी माझ्याकडे बघून म्हणाला, "अरे, हा डावा ऐकत नाही." दुपारपर्यंत त्याची जीभ अडखळू लागली, पाय लटपटू लागले. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "दारू, तंबाखू काही?" मी म्हणालो, "डॉक्टर, आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा शिजत नाही." वाक्य अक्षरशः खरं होतं. त्यांनी कागदावर 'व्यसन नाही' असं लिहिलं. शेजारी उभ्या असलेल्या वहिनी काही बोलल्या नाहीत.

माझा हा थोरला भाऊ याज्ञिकी करायचा. शहरातल्या कितीतरी घरांतली लग्नं, वास्तुशांती, श्राद्धं त्याच्याच हातून व्हायची. यजमानांकडून परत आला की खोलीचं दार लावून तो प्यायचा, हे मला कित्येक वर्षं माहीत होतं. समिधांच्या जुड्यांमागची बाटली मी एकदा पाहिली होती आणि जुड्या होत्या तशा लावून ठेवल्या होत्या. माझा जन्म ग्रंथालयात गेला. वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय आहे. हे बाहेर कळलं तर त्याला कोण बोलावणार, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं तर लाज मला माझी वाटत होती.

पहिल्या तपासणीत नेमकं काही दिसलं नाही. पक्षाघात धरून उपचार चालू राहिले. दादा उजव्या हाताने सदऱ्याचं बटण लावायचा, डावा हात ते काढायचा. शुक्रवारी तो वहिनींना ओळखेना. मी भद्रा मारुतीला पायी येतो असा नवस बोललो आणि शनिवारी पहाटे अनवाणी निघालो. मनात नामस्मरण होतं, पण त्याच्या खाली 'व्यसन नाही' हे दोन शब्दही चालत होते.

पडेगावाशी उजाडलं. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी रुईच्या पानांच्या माळा विकत बसली होती. मी एक माळ मागितली.

"कुणासाठी चाललास?"

"भावासाठी. त्याचा हात त्याचं ऐकत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. "पितो का?"

हे मला आजवर कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. मी मान डोलावली.

"डागदरला सांगितलं?"

मी खिशातून पैसे काढू लागलो.

"लाज वाटली, व्हय? माझा धनी आमच्या लाजंपायीच गेला. म्या बी म्हणलं व्हतं, नुसता ताप हाय." तिने माळ परत टोपलीत टाकली. "तुला नाय देत. मारुतीला आज लई माळा येत्यात, तुझी नसली तर काय उपाशी ऱ्हात नाय त्यो. आधी दवाखाना गाठ." आणि माझ्या आधी तिनेच हात करून रिक्षा थांबवली.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "किती वर्षं?" एवढंच विचारलं. मी आठवू लागलो, तोच वहिनी म्हणाल्या, "अठरा. गेल्या वर्षभरात जेवणही सुटलं होतं." मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही नाही म्हणालात, म्हणून मी गप्प बसले."

नव्या तपासणीत कळलं, मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा जो तंतूंचा पूल असतो, तो दादाचा झिजला होता. फार पिणाऱ्यांत, तेही क्वचित, होणारा हा आजार. त्याच दिवशी जीवनसत्त्वाची मोठी इंजेक्शनं सुरू झाली. पंधरवड्यात दादाचा हात बराचसा शांत झाला. त्याने वहिनींना हाक मारली. मग एकदा सावकाश मला विचारलं, "तू सांगितलंस?" मी हो म्हणालो. "मी सांगायला हवं होतं," तो म्हणाला, आणि बराच वेळ माझा हात धरून राहिला.

पुढे मी त्या म्हातारीकडे गेलो. तिने मला ओळखलं नाही. "माळ घ्यायची का?" म्हणाली. तिला कुणी पाठवलं होतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही. पाया पडलो, तर "आरं, गिऱ्हाईक हायेस का कोन?" म्हणून हसली.

शरण जाणं म्हणजे देवापुढे डोकं टेकणं, असं मी समजत होतो. ते सोपं होतं, कारण देवापासून काही लपलेलंच नसतं. ज्या माणसाला माहीत नाही त्याच्यापुढे तोंड उघडणं मला अवघड गेलं, आणि कृपा नेमकी तिथेच उभी होती. तिच्यामुळे दादाचे सहा महिने मिळाले.

माघात न्यूमोनियाने तो गेला. मंगळवारीच सांगितलं असतं तर तो वाचला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "ते नाही सांगता येत."

आता घरात वहिनी आहेत, मी आहे, आणि मंगळवार ते शनिवारचे ते चार दिवस आहेत.