बोटे गमर

भिंगरीला एका जागी बसलेलं पाहिलं असं कुणी सांगितलं, तर तो माणूस खुशाल थापा मारतोय असं समजावं. हे नाव तिच्या आईनंच ठेवलेलं. "पायाला भिंगरी लावूनच जन्माला आली," असं ती आल्यागेल्याला सांगायची, आणि ते नाव घरातून शाळेत, शाळेतून नर्सिंगच्या हॉस्टेलात आणि तिथून हॉस्पिटलात असं तिच्या मागोमाग चालत आलं. नवरा म्हणायचा, "ही चहासुद्धा उभ्यानं पिते, आणि तोही माझ्या कपातला."

अशा बाईच्या पुढ्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा दोघांपैकी कोण आधी बंद पडतंय यावर वॉर्डात पैजा लागायच्याच बाकी होत्या. चाकांच्या गाडीवर बसवलेला एकेक कॉम्प्युटर प्रत्येक वॉर्डात आला. पेशंटचं जे काही बघायचं ते आता कागदावर लिहायचं नाही, त्यात भरायचं. ताप, नाडी, रक्तदाब, जखम. प्लास्टर असेल तर बोटांची ऊब, रंग, हालचाल. दर फेरीला सगळे रकाने भरल्याशिवाय तो बाबा पुढं सरकायचा नाही. बाकीच्या सिस्टर एका बोटानं अक्षरं शोधत बसायच्या, आणि भिंगरीचा जीव नुसता खालीवर व्हायचा. पेशंट तिकडे हाका मारतायत आणि आपण इथे 'क' कुठे गेला ते शोधतोय, हे तिला सहनच होत नसे.

त्या तगमगीतच तिला ते बटण सापडलं. कोपऱ्यात एक उलटा बाण होता. तो दाबला की मागच्या फेरीची नोंद जशीच्या तशी नव्या फेरीत उतरायची, वेळ तेवढी बदलायची. भिंगरीनं त्याचं बारसं करून टाकलं, 'जैसे थे'. आठवड्याभरात सगळ्या हॉस्पिटलला ते पाठ झालं. नोंदी वेळेवर पूर्ण होऊ लागल्या, मेट्रन खूश, आणि भिंगरीची कॉलर ताठ.

सगळ्यात चिकाटीनं तिनं शिकवलं ते आक्कांना. आक्का म्हणजे हाडांच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टर, निवृत्तीला टेकलेल्या. माऊस हातात आला की त्यांचा हात थरथरायचा. "जन्मात कधी उंदराला भ्याले नाही गं," त्या म्हणायच्या, "हा मेला मात्र हातात ठरत नाही."

"त्याला धरूच नका," भिंगरी म्हणाली. "पेशंटमध्ये काही बदल नसेल तर हे दाबायचं. जैसे थे. झालं काम."

"आणि बदल असेल तर?"

"तर भरायचं की."

ते आक्कांना पटलं. भिंगरीलाही आपण एक पुण्याचं काम केलं असं वाटलं.

आणि मग भिंगरीची आई बाथरूममध्ये घसरली. घोट्याच्या वर हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून तिला आक्कांच्याच वॉर्डात ठेवलं. मेट्रननं भिंगरीला आधीच बजावलं, "भेटायच्या वेळेला मुलगी म्हणून ये. ड्यूटीवर असताना आपला वॉर्ड सोडायचा नाही." भिंगरीचा वॉर्ड दोन मजले वर, पोटाच्या ऑपरेशनवाल्यांचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या जोडीची सिस्टर एका पेशंटला एक्स-रेला घेऊन गेलेली, आणि वॉर्डात ही एकटी. तिनं आईला फोन लावला.

"पाय कसा आहे?"

"आहे तसाच. तू तुझं काम बघ."

"दुखतोय का?"

"सकाळी फार ठणकत होता. आता काहीच कळत नाही, बरं वाटतंय. नुसता धोंडा बांधल्यासारखा जड लागतो. प्लास्टर म्हटल्यावर तेवढं असायचंच."

आईनं फोन ठेवला, भिंगरीच्या हातातला तसाच राहिला. नव्या प्लास्टरच्या आत पाय सुजतो. प्लास्टर काही सैल होत नाही. ठणका आपोआप थांबला तर कधी ते चांगलं असतं, आणि कधी त्याचा अर्थ असा असतो की बोटांपर्यंत रक्तच पोचत नाहीये. मग वेळेत प्लास्टर कापलं नाही तर माणूस राहतो आणि पाय जातो. हे तिला पुस्तकापासून पाठ होतं, पण पुस्तकातला पाय आईचा नव्हता.

तिनं कॉम्प्युटर ओढला आणि आईची नोंद उघडली. दुसऱ्या वॉर्डातल्या पेशंटची नोंद उघडायला परवानगी लागते, ती तिनं घेतली नाही. सगळ्या फेऱ्या भरलेल्या, सगळीकडे हिरव्या खुणा. 'बोटे गमर, रंग नेहमीचा, हालचाल आहे.' तिला हायसं वाटलं. ती जाऊन एकाची सलाइन बदलून आली. पुन्हा वाचलं. एकाला इंजेक्शन देऊन आली, पुन्हा वाचलं. आणि मग तिला ते दिसलं.

गमर.

आक्कांनी घाईत 'गरम'चं 'गमर' केलं होतं. भिंगरीला हसूच आलं. हसत हसत तिनं खालची फेरी पाहिली. बोटे गमर. त्याच्या खालची पाहिली. बोटे गमर. हसू जागच्या जागी विरलं. एखादी चूक माणूस एकदा करील, फार तर दोनदा. दर फेरीला नेमकी तीच चूक करायला माणूस लागत नाही, बटण लागतं.

तिनं हाडांच्या वॉर्डाचा फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलेना. ती खिडकीशी गेली, दाराशी गेली, पुन्हा फोनशी आली. वॉर्ड सोडावा तर इथले पेशंट वाऱ्यावर, न सोडावा तर तिथे आई. तिला स्वतःचाच राग येत होता आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. जोडीची सिस्टर स्ट्रेचरबरोबर दारात दिसली मात्र, ही जिन्यानं पळत सुटली.

आई पडून होती. पायावर पांघरूण, आणि प्लास्टरच्या पुढं बोटांवर लोकरीचा मोजा.

"हा मोजा कुणी घातला?"

"तुझ्या नवऱ्यानं, सकाळी डबा द्यायला आला तेव्हा. बोटं गार पडलीत म्हणाला, म्हणून घातला. जावई गुणाचा आहे हो."

भिंगरीनं मोजा ओढून काढला. बोटं टम्म सुजलेली, निळसर, थंडगार. तिनं अंगठा चिमटीत घट्ट धरला.

"आई, मी कुठलं बोट धरलंय?"

"धरलंयस का?" आई म्हणाली.

मग डॉक्टर आले, करवत आली, प्लास्टर खालपासून वरपर्यंत कापून उघडलं. थोड्या वेळानं आई कळवळून ओरडली, आणि आईच्या ओरडण्याचा भिंगरीला जन्मात पहिल्यांदा आनंद झाला. "बोटांत रंग येतोय," डॉक्टर म्हणाले. "आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं."

आक्का चष्मा हातात घेऊन भिंतीशी उभ्या होत्या. "सकाळी पहिल्या फेरीला मी हात लावून बघितली होती गं बोटं. गरम होती," त्या म्हणाल्या. "नंतर इतके नवे पेशंट आले. बदल नसेल तर जैसे थे, असं तू म्हणाली होतीस ना? बदल नाही हे बघायला जायचं, तेवढं राहिलं."

आक्कांवर ओरडायचं म्हणून भिंगरीनं तोंड उघडलं होतं. पण ते बटण त्यांना आपणच शिकवलं होतं. तिनं आक्कांच्या हातातला चष्मा घेतला आणि त्यांच्या डोळ्यांवर चढवला.

ती वर आली तेव्हा फेरीची वेळ झाली होती. जोडीच्या सिस्टरनं विचारलं, "आई बरी आहे ना? तू दमली असशील. तुझ्या पेशंटचं मी जैसे थे करून टाकू का?"

"नको."

पहिल्या कॉटवर एक रिटायर पोस्टमन होता, पोटाचं ऑपरेशन झालेला. भिंगरीनं त्याचं पांघरूण बाजूला केलं.

"पट्टी दाखवा बरं, काका."

"का? काही बिघडलंय का?"

"नाही. बघायचीय."

"नाही म्हणजे, काल तर तुम्ही न बघताच लिहिलंत," तो म्हणाला. बोलण्यात टोमणा नव्हता, कौतुकच होतं. "मी आमच्या हिला म्हटलं, या सिस्टरना लांबूनच सगळं कळतं."

भिंगरीनं कॉटखालचं स्टूल ओढलं आणि त्याच्याशेजारी बसली.